नोंदीचं वजन

गुरुवारच्या बैठकीची नोंद सरकारी फायलीत गेली आणि शुक्रवारी सकाळी रघुनाथ शेवाळे वजनाला साडेतीन किलो कमी भरले. वजन डॉक्टर मुजावरांच्या दवाखान्यातल्या काट्यावर केलं होतं आणि तो काटा वर्षानुवर्षं खरं बोलत आला होता. डॉक्टरांनी त्यांना उतरवलं, चपला काढायला लावल्या, पुन्हा चढवलं. मग स्वतः चढून पाहिलं. ते तीन किलोंनी उतरले होते.

"जेवणखाण?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन्ही वेळा व्यवस्थित. वर दुपारी शेंगदाण्याचा लाडू."

"मग नोंदीमुळेच," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

रघुनाथरावांच्या पत्नी इंदूताई बाकावर बसून ऐकत होत्या. त्यांनी मान डोलावली. चौतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईला कारण कळलं की निम्मं समाधान होतं. उरलेलं निम्मं त्यांनी घरी जाऊन नवऱ्याला दोन पोळ्या जास्त वाढून मिळवायचा प्रयत्न केला. त्या पोळ्यांचा काट्यावर काडीचाही उपयोग झाला नाही.

शांतता मंडळ म्हणजे सगळी मिळून आठ माणसं. गावाबाहेर दारूगोळ्याचा मोठा कारखाना होता. रघुनाथरावांनी तिथं तीस वर्षं तोफगोळ्यांची टोपणं बसवली, निवृत्त झाले, आणि पुढच्याच महिन्यात त्याच फाटकाच्या बाहेरच्या बाजूला 'युद्ध नको' असा फलक धरून उभे राहिले. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी तासभर आठही जण तिथं तोंड मिटून उभे राहत. दर गुरुवारी पाच वाजता दवाखान्याच्या माडीवर बैठक होई. मंडळाचा नियम एकच होता आणि तो भिंतीवर लिहिलेला होता : आपण काही लपवायचं नाही.

त्यामुळे सरकारनं मंडळावर पाळत ठेवायला साध्या कपड्यातला हवालदार पाठवला, तेव्हा त्याला जिन्यात ताटकळत ठेवणं कोणाला पटलं नाही. त्याला वर बोलावून सतरंजीवर पुढची जागा दिली, चहा दिला. हवालदाराचं नाव धनावडे. आठवीत तो इंदूताईंच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. अंगानं तिप्पट झाला होता, अक्षर मात्र आठवीतलंच होतं.

"धनावडे, हे काय लिहिलंयस? 'काही इसम जमले.' किती इसम? नावं कुठायत?"

"राहू द्या की बाई. सायबाला तेवढं चालतंय."

"मला नाही चालत."

इंदूताईंनी पर्समधून लाल पेन काढलं. नावं भरली, वयं भरली, कोण काय बोललं ते शब्दाला शब्द लिहिलं आणि समासात बरोबरची खूण केली. हे पाच-सहा महिने चाललं. आपल्याविषयी सरकारदरबारी जे जाईल ते निदान बिनचूक जावं, असं त्यांना मनापासून वाटे. आणि हे वेड एकट्या त्यांचंच नव्हतं. सगळं मंडळ त्यांच्या खांद्यावरून वाकून बघे आणि राहिलेलं सुचवे.

एकच नाव त्या कागदांत नव्हतं. इंदूताईंच्या ठिकाणी धनावडे नुसतं 'बाई' लिहायचा. त्यांनी विचारलं तर कानापर्यंत लाल झाला. "बाईंचं नाव कसं घ्यायचं?" म्हणाला. म्हणून आठांपैकी सात माणसं उतरत गेली आणि इंदूताई एकसष्ट किलो सहाशे ग्रॅमवर ठाम राहिल्या.

तीन-चार महिन्यांत बैठकीला येताना प्रत्येकजण मांडीवर ठेवायला काहीतरी जड आणू लागला. कोणी विटा, कोणी पाटा. डॉक्टरांनी भाच्याचे व्यायामाचे डंबेल्स आणले. फाईल मात्र भरत चालली. धनावडे आधी ती काखेत मारून आणायचा, मग सायकलच्या कॅरियरला बांधून. एकदा मागचं चाक आडवं झालं तेव्हा त्यानं हातगाडी केली. माडीच्या जिन्यात त्याला धाप लागायची. मंडळींना ते बघवेना. चौघंजण खाली उतरत आणि आपलीच फाईल हातोहात वर चढवून देत. फायलीला हात लागला की त्यांचे पाय पायरीवर नीट टेकत, म्हणून हे काम सगळ्यांना आवडायचंही.

मार्चमध्ये मंडळातल्या पुष्पा सोनटक्के गेल्या. धुणं वाळत घालायला गच्चीवर गेल्या होत्या. ओली चादर पिळायच्या आधीच पाय सुटले, पण त्यांनी चादर सोडली नाही. पाण्याच्या वजनावर त्या पाण्याच्या टाकीइतक्या उंचीवर तासभर थांबल्या. खालून शिडी आणायची धावपळ चालली होती. ऊन कडक होतं. बारा वाजता चादर वाळली.

धनावडेनं ते लिहून घेतलं. 'सौ. सोनटक्के उत्तरेस गेल्या.'

"ईशान्येला," इंदूताई म्हणाल्या आणि त्यांनी लाल पेनानं दुरुस्त केलं.

शेजारी पाट्याचं ओझं मांडीवर घेऊन बसलेले रघुनाथराव त्याच क्षणी पाट्यासकट वीतभर वर उचलले गेले. ते तसेच अधांतरी चहा पीत राहिले. इंदूताईंनी हातातल्या पेनाकडे पाहिलं. मग मागची पानं चाळली. जिथं नुसती धनावडेची मोघम ओळ होती, त्या आठवड्यात माणसं पावशेर-अर्धा किलो उतरली होती. जिथं त्यांची लाल शाई होती, तिथं तीन, साडेतीन, चार.

"अहो, हे मी केलं," त्या घरी आल्यावर म्हणाल्या. घरी रघुनाथरावांना निवारपट्टीनं खाटेला बांधलेलं असे.

"खरं तेच लिहिलंस ना?"

"खरंच लिहिलं."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि हसले. पण हसताना खाट जमिनीवरून किंचित हलली आणि इंदूताई तिच्या कडेवर बसल्या.

त्या दिवसापासून इंदूताईंनी पेन हातात धरलं नाही. पुढच्या गुरुवारी त्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. धनावडेनं 'काही इसम जमले' लिहिलं आणि तो वाट पाहत राहिला.

"बाई, बघता ना?"

"नाही. तुझं तू बघ."

सोमवारी अहवाल अपुरा म्हणून परत आला. साहेबांना भरगच्च नोंदींची सवय लागली होती. धनावडेनं मान खाली घालून नवं पान घेतलं आणि पहिल्यांदाच सगळं एकट्यानं लिहिलं : नावं, वयं, पत्ते, शब्दाला शब्द. समासही सोडला. इंदूताईंनी पाहिलं तर काढायला एकही चूक नव्हती. त्यांचा हा शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी असा उशिरा हुशार निघाला होता, आणि आपल्याला त्याचा राग यावा की त्याच्या पाठीवर थाप मारावी हे त्यांना कळेना.

इंदूताई धनावडेच्या कचेरीत गेल्या. साहेब उठून उभे राहिले, खुर्ची दिली. त्यांच्या मागच्या कपाटाखाली फरशी घमेल्यासारखी खोल गेली होती.

"बाई, कोणावर गुन्हा नाही. कोणाला अटक नाही. तुमचे मिस्टर पूर्ण मोकळे आहेत."

"मोकळे आहेत, पण मला त्यांना खाटेला बांधावं लागतं."

"तो तुमचा घरगुती प्रश्न झाला."

"लिहिलेलं खोडायची काही तरतूद?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि प्रामाणिकपणे शोधलं. "खोडायची नाही," ते म्हणाले. "भर घालायची आहे."

मग उन्हाळाभर मंडळ कचेरीच्या व्हरांड्यात बसू लागलं, कारण फायलीपासून दोन हातांवर असलं की जमीन सुटत नसे. धनावडेनं त्यांच्यासाठी सतरंजी अंथरली. सहा माणसं फायलीला हात लावून सकाळी दहा ते सहा बसत. मग घरचे येऊन त्यांना दोरीनं धरून नेत. शनिवारचं फाटकासमोरचं उभं राहणं आपोआप बंद झालं. कोणीही त्यांना मनाई केली नव्हती. फक्त फाईल तिथवर न्यायला परवानगी नव्हती.

जूनच्या एका मंगळवारी हुकूम आला की फाईल मुंबईला जाणार. अकरा वाजता ट्रक लागला. फाईल चढवायला आठ हमाल लागले. पाठोपाठ मंडळाची माणसं आपापल्या पायांनी फळीवरून ट्रकमध्ये चढली. डॉक्टरांनी वजनकाटा बरोबर घेतला होता. कोणी कोणाला ढकललं नाही.

"इंदू, तिकडे निदान पाय तरी टेकतील," रघुनाथराव फळीवरून म्हणाले.

"अहो, उतरा आधी."

"आणि मग?"

"मग मी आहे ना."

इंदूताईंनी त्यांचं मनगट पकडलं आणि ओढलं. ते फायलीपासून सुटले, गुडघाभर उंचीवर आले आणि तिथं थांबले, कारण एकसष्ट किलो सहाशे ग्रॅम खाली घट्ट उभे होते. इतके महिने या वजनाची इंदूताईंना शरम वाटत होती. बाकीचे तरंगत असताना आपल्या चपलांचा जिन्यात आवाज होतो, हे त्यांना चोरीसारखं वाटायचं. आज पहिल्यांदा ते वजन कामाला आलं होतं. त्या नवऱ्याला धरून कचेरीच्या फाटकाकडे निघाल्या.

"जरूर न्या," साहेब मागून म्हणाले. "अडवतंय कोण? फक्त कोणी नेलं ते लिहावं लागेल."

धनावडे ट्रकच्या मागच्या फळीवर फाईल उघडून बसला होता. तो वर बघेना. "बाई, 'बाई' लिहून चालणार नाही म्हणतात. पूर्ण नाव लागतंय. आणि मागं जिथं जिथं 'बाई' आहे, तिथंपण भरायचंय."

"नाही सांगितलं तर?"

"तर ह्यांना परत ट्रकात बसवावं लागंल."

रघुनाथरावांनी मनगट सोडवायचा प्रयत्न केला. इंदूताईंनी ते दुसऱ्या हातानंही धरलं.

"इंदुमती रघुनाथ शेवाळे," त्या म्हणाल्या. "वय त्रेसष्ट. निवृत्त शिक्षिका. लिही."

धनावडेनं पहिल्या पानापासून सुरुवात केली. डोळ्यांत पाणी होतं, पण अक्षर चांगलं येत होतं. दहा पानं झाली तेव्हा इंदूताईंना चपलांचे पट्टे सैल लागू लागले. चाळीस पानं झाली तेव्हा टाचा उचलल्या. रघुनाथराव आता त्यांच्या डोक्याच्या उंचीवर होते.

"पुरे म्हणावं त्याला," ते म्हणाले. "इंदू, मला सोड."

"थांबा हो."

शेवटची पानं आली. धनावडेनं अंगठा ओला केला आणि पान उलटलं. दोन पानं एकमेकांना चिकटली होती. दोन्ही एकदम उलटली गेली. तो क्षणभर थांबला, एकदाच इंदूताईंकडे बघितलं, पुढचं पान भरलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"झालं बाई. जावा घरी."

इंदूताईंच्या पायांचे अंगठे अजून जमिनीला लागत होते. घर दहा मिनिटांवर होतं. भिंती धरत, वाटेतल्या विजेच्या खांबांना धरत गेलं असतं, तर जमलं असतं. त्यांना ते दिसत होतं. चिकटलेली पानंही दिसत होती.

"धनावडे," त्या म्हणाल्या. वर्गातला आवाज होता, तो त्यांना विचारून आला नव्हता. "मधलं एक पान राहिलं."

रघुनाथरावांनी डोळे मिटले.

"बाई," धनावडे म्हणाला.

पण तो त्यांचा विद्यार्थी होता. त्यानं नखानं दोन पानं अलगद सोडवली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं. इंदूताईंच्या चपला फाटकापाशी जोडीनं राहिल्या होत्या. वरून पाहताना त्या एखाद्या लहान मुलीच्या वाटत होत्या.