मावशींचा कोमा

मालिकेत मावशी कोमात होत्या आणि बाहेर चांगल्या ठणठणीत, एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण बाजारात भेटणाऱ्या बायका त्यांचा हात धरून काळजीने विचारायच्या, "आता बरं वाटतंय का हो?" मावशीही कुणाचा हिरमोड नको म्हणून आवाज जरा खोल नेऊन "बघू" म्हणायच्या.

त्यांनी उभा जन्म नाटकात काढला, पण नायिका म्हणून एक दिवसही नाही. नायिकेची मावशी, नायकाची मोलकरीण, शेजारीण, सुईण, दुसऱ्या अंकात येऊन काडी लावून जाणारी विहीण, असं सगळं गणगोत त्यांनी केलं. लोकांना चेहरा ओळखीचा वाटे, नाव काही आठवत नसे. नाटकमंडळींत मात्र त्यांना मान होता, आणि तो वेगळ्याच गोष्टीसाठी. मावशींना अख्खं नाटक पाठ असायचं, स्वतःचं आणि बाकी सगळ्यांचंही. कुणी वाक्य विसरला की त्या कपड्यांच्या घड्या घालता घालता प्रेक्षकांकडे पाठ करायच्या आणि अडलेलं वाक्य हळूच त्याच्याकडे सरकवायच्या. मोठमोठे नायक त्यांच्यामुळे तरून गेले होते. टाळ्या अर्थातच नायकांना मिळाल्या.

मग गुडघ्यांनी दगा दिला. दौरे सुटले, नाटक सुटलं. लेकीच्या घरी नुसतं बसून राहायचं मावशींच्या जिवावर येई. म्हणून मालिकेतली आजेसासू मिळाली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. सुरुवातीला चार वाक्यं तरी असायची. पुढे लेखकाला काही सुचेनासं झालं तेव्हा त्याने आजेसासूला जिन्यावरून पाडलं आणि कोमात टाकलं.

"घरी पडा म्हटलं तर पडत नाही," जावई चिडवायचा, "आणि तिथे गाडीने जाऊन पडता!"

मावशी हसायच्या, पण आतून त्यांना धाकधूक होती. हा पलंग आपलं शेवटचं काम आहे, हा सुटला की पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नट म्हणून आपण अजून आहोत ते या पलंगापुरतेच, असं त्यांना वाटे.

आणि घात केला तो जुन्या सवयीने.

मालिकेच्या नायिकेला सेटवर सगळे सूनबाईच म्हणत. त्या दिवशी तिला पलंगाशी बसून, मावशींचा हात हातात घेऊन भलंमोठं भाषण करत रडायचं होतं. पोरगी रडायला लागली, रंगात आली आणि मध्येच अडली. मावशींच्या हातातला तिचा हात गार पडला. मावशी डोळे मिटून होत्या, पण वाक्य त्यांच्या ओठांवर आलं आणि बाहेरही पडलं. नाटकात हे चाललं असतं. इथे कॅमेरा नाकासमोर होता.

"कट! मावशी, तुम्ही कोमात आहात हो!" दिग्दर्शक ओरडला. सगळे पोट धरून हसले. मावशीही हसल्या.

दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा थोडे कमी हसले. तिसऱ्यांदा सूनबाईने हातच झटकून टाकला. "मी इथे रडायला बसलेय का शिकवणीला?"

"मुद्दाम नाही गं केलं, बाळा," मावशी उठून बसत म्हणाल्या. "समोरचा अडला की निघूनच जातं तोंडातून."

संध्याकाळी लेखक आणि दिग्दर्शक मावशींच्या मेकअपच्या खोलीत आले. लेखक खुर्चीच्या कडेवर टेकला. "मावशी, आता बहुतेक तुम्हाला जावं लागणार."

"कुठे?"

"वर," तो ओशाळून म्हणाला.

आयुष्यात कुणापुढे भूमिकेसाठी पदर न पसरलेली ही बाई त्या दिवशी अक्षरशः गयावया करू लागली. "मारू नका हो मला. पडू द्या की तशीच. असं करा, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावा. मग ओठ हलले तरी कुणाला दिसतंय?"

दिग्दर्शकाने टाळी वाजवली. "वा मावशी! हे आमच्या डोक्यात कसं आलं नाही?"

मावशी खुशीत घरी गेल्या. आपण आपला जीव कसा वाचवला ते त्यांनी लेकीला साभिनय सांगितलं, जावयालाही बळेच ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी त्या सेटवर पोचल्या तर मेकअपवाला नजरेला नजर देईना. "मावशी, तुम्हाला फोन नाही आला?"

"कसला रे?"

त्याने नुसतं पलंगाकडे पाहिलं. पलंगावर पांढरा विग घालून, मावशींचीच शाल पांघरून एक बाई पडली होती. नाकातोंडावर मास्क होता. गर्दीच्या प्रसंगात मागे उभी राहणारी ती बाई मावशींनी पाहिलेली होती.

प्रॉडक्शनवाला धावत आला. "मास्क लावल्यावर चेहरा दिसतोच कुठे? म्हटलं, तुमच्या गुडघ्यांना रोज कशाला त्रास? बसा, चहा घ्या. घरी सोडायला गाडी येईलच परत." तो इतक्या गोडीने बोलला की मावशींना भांडायलाही जागा उरली नाही. आणि भांडणार कोणाशी? धोंडा त्यांनीच आपल्या हाताने पायावर पाडून घेतला होता.

त्या कोपऱ्यात बसून राहिल्या. समोर टेक सुरू झाला. सूनबाई रडू लागली आणि पलंगावरच्या बाईची छाती धाप लागल्यासारखी वरखाली होऊ लागली. कट. पुन्हा टेक. आता पापण्या फडफडल्या. कट. तिसऱ्यांदा दिग्दर्शकाने कानावरचे हेडफोन काढून आपटले. "साधं पडून राहता येत नाही हिला! अजून एकदा हलली ना, तर उठवा आणि मावशींनाच झोपवा तिथे."

हल गं बाई, मावशी मनात म्हणाल्या, एकदा हल. असं दुसऱ्याचं वाईट चिंतल्याची त्यांना लाज वाटली, तरी त्या तेच म्हणत राहिल्या. त्यांना काही करायचंच नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

दिवे सरकवत होते तेवढ्यात ती बाई मास्क गळ्यात ओढून त्यांच्यापाशी आली. "मावशी, तुम्ही कशा हो पडायच्या? मला पहिल्यांदाच असं कुणी पुढे घेतलंय. जमत नाहीये मला."

मावशींनी चहाचा कप तोंडाला लावला. कपात चहा कधीच संपला होता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. बाई तशीच उभी होती.

"श्वास छातीत घेऊ नकोस," मावशींच्या तोंडून निघून गेलं. "पोटात घे, हळू. जीभ टाळूला चिकटवून ठेव, पापण्या शांत राहतात. आणि ती काय रडतेय ते ऐकूच नकोस. मनातल्या मनात घरची भांडी घासायला घे."

"सगळे तयार?" दिग्दर्शक ओरडला.

सूनबाई धाय मोकलून रडली. अडली नाही. कॅमेरा पलंगावर कितीतरी वेळ रेंगाळला आणि पलंगावरचं काहीसुद्धा हललं नाही.

"ओके! झकास!" दिग्दर्शक म्हणाला. "बघा, जमलं की हिला. उद्यापासून हीच."