जुना टेप परत हवा

माणूस शहाणा असला म्हणजे शहाण्यासारखं वागतोच असं नाही. आता अण्णांचंच बघा. चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं, कधी एक भिंग चुकीचं बसवलं नाही. पण त्या मंगळवारी जे करून बसले, ते शेंबड्या पोरालाही सुचलं नसतं.

त्यांचा मुलगा जाऊन सात महिने झाले होते. एकुलता एक, एकतीस वर्षांचा. तापाचं निमित्त झालं आणि अकराव्या दिवशी सगळं आटोपलं. मागे राहिली त्याची गाडी, आणि गाडीत कंपनीनं बसवून दिलेला टेप. आता त्यात कॅसेट कुठली आलीय? पण अण्णांच्या लेखी गाडीत जे वाजतं तो टेप. त्यात एक सोय होती. ज्यांना फोन लावायचे त्यांची नावं एकदा आपल्या आवाजात भरून ठेवायची. मग बटण दाबलं की टेप ती यादी जशीच्या तशी ऐकवायचा. मुलानं सहा नावं भरली होती. आई, बाबा, मामा, ऑफिस, गॅरेज आणि एका मित्राचं टोपणनाव, जे चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

त्याचा आवाज म्हणून जगात एवढंच उरलं होतं. फोन होता, पण त्याचं कुलूप उघडायचा आकडा तो बरोबरच घेऊन गेला.

माई, म्हणजे अण्णांची बायको, रोज दुपारी दोनला गाडीची किल्ली घेऊन खाली पार्किंगमध्ये जायची. काचा वर करून ते बटण दाबत बसायची. सहा नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून. वर यायची ती डोळे सुजवून, आणि मग रात्री घास उतरायचा नाही. तीनदा तर गाडीची बॅटरी उतरली. तिन्ही वेळा अण्णांनी तोंडातून ब्र न काढता ती भरून आणली.

पण माईचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले, तेव्हा त्यांचा धीर सुटला. त्यांनी मनाशी ठरवलं, टेपच बदलायचा. नवा मोठ्या पडद्याचा बसवायचा, मागचं दाखवणारा कॅमेराही लावायचा. जुना कपाटात नीट ठेवायचा, आणि माई सावरली की तिच्या हातात द्यायचा. बेत वाईट नव्हता हो! वाईट एवढंच की बायकोला विचारलं नाही. "गाडी सर्व्हिसिंगला नेतो," एवढं सांगून निघाले.

गाडीत टेप बसवणारा मिस्त्री पन्नाशीचा, कामाला चोख. अण्णांनी त्याला दोनदा बजावलं, "जुना टेप मला परत हवाय. एक ओरखडा उठता कामा नये."

"काका, निर्धास्त राहा. वायर कापणं माझ्या हातून व्हायचं नाही. मी जोड लावून काम करतो."

का हवाय, ते मात्र अण्णा बोलले नाहीत. तोंडावर आलं होतं. पण परक्या माणसासमोर, त्या रबरी चटयांच्या ढिगाशेजारी उभं राहून मुलाचं नाव काढायचं, हे त्यांना जमेना. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणाले आणि बाहेर पडले.

तासाभरानं परतले तेव्हा नवा टेप जागेवर बसला होता. जुना एका खोक्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेला. मिस्त्री हात पुसत हसला.

"घ्या काका तुमची अमानत. आणि काळजी नको, काढायच्या आधी आतलं सगळं पुसून टाकलंय."

"काय पुसलं?"

"नावं, नंबर, सगळं. मागं एकदा माझ्याकडून गेलेला जुना टेप भंगारात कुणाच्या तरी हाती लागला, आणि त्यानं त्यातल्या नंबरांवर फोन करून एका बाईला नको नको करून सोडलं. तेव्हापासून कानाला खडा. पुसल्याशिवाय मी टेपला हातच लावत नाही. आता कुणाच्या बापालाही त्यात काही सापडायचं नाही."

अण्णा खाली बसले. स्टूल होतं म्हणून बरं.

"लावून दाखवा," ते एवढंच म्हणाले.

मिस्त्रीनं टेबलावरच वायरी जोडल्या. अण्णांनी बटण दाबलं. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, यादी रिकामी आहे. अण्णांनी पुन्हा दाबलं. चौथ्यांदा दाबल्यावर मिस्त्रीनं हळूच त्यांचं मनगट धरलं आणि विचारलं, "कुणाचा आवाज होता त्यात, काका?"

मग सांगून झालं. मिस्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, एक शब्द बोलला असतात! एक शब्द!" त्यानं कुठे कुठे फोन लावले, दोघातिघांना विचारलं. पुसलेलं परत यायचं नाही, असंच सगळे म्हणाले. शेवटी खालमानेनं तो म्हणाला, "जुनाच परत बसवून देतो. घरी सांगा, बॅटरी सारखी उतरत होती, त्यात शेवटी गेलं. त्यांना पटेल."

पटलं असतं, यात शंका नाही. अण्णांना क्षणभर मोहही झाला, देवाशपथ झाला. पण बॅटरी उतरवणारी कोण? माईच. म्हणजे जन्मभर ती म्हणत बसली असती, मीच माझ्या हातानं घालवलं.

"नको," अण्णा म्हणाले. "आहे ते राहू द्या."

घरी माई दारातच किल्लीसाठी उभी होती. दोन वाजून गेले होते. अण्णांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. का बदलला, काय बोललो नाही, काय पुसलं गेलं. मिस्त्रीवर खापर फोडलं नाही.

माईनं खोक्यातलं फडकं उलगडून पाहिलं. मग तिचा चेहरा असा झाला की अण्णा एक पाऊल मागे सरकले. "मला विचारायला तुमची जीभ झडली होती?" ती ओरडली. "मी रडत होते ना? मग रडू द्यायचं होतं! तुमच्याकडे काही मागत होते का मी?"

माईनं टेप पुन्हा फडक्यात गुंडाळला.

"तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?"

"मी नाही ऐकलं."

"म्हणजे?"

"एकदाही नाही. धीरच झाला नाही. म्हटलं, आहे तिथे, जातंय कुठे. ऐकू पुढे कधीतरी."

माईच्या ओठांवर आणखी बरंच होतं. ते तिथंच राहिलं. ती खुर्ची ओढून बसली आणि तिनं अण्णांना हाताला धरून शेजारी बसवलं.

"अहो, मी निदान पोटभर ऐकलं," ती म्हणाली. "तुम्ही उपाशीच राहिलात."

सात महिन्यांत न रडलेला माणूस तेव्हा रडला. माईनं त्यांना रडू दिलं. मग पदरानं स्वतःचं तोंड पुसलं, घसा खाकरला आणि म्हणाली, "ऐका. दुसरं नाव तुमचं होतं. तो असा म्हणायचा." आणि तिनं म्हणून दाखवलं, घाईत, शेवटी जरासं हसू आल्यासारखं, "बाबा."

"पुन्हा म्हण," अण्णा म्हणाले.