बुधवारची इव्हलिन

शैलेंद्र रिटायर झाला तेव्हा सुरुचीला वाटलं होतं, आता तरी हा माणूस घरात दोन शब्द बोलेल. कॅल्गरीच्या तेल कंपन्यांमध्ये पाइपलाइनची डिझाइन्स करण्यात त्याची सारी उमेदीची वर्षं गेली होती. संध्याकाळी घरी आला की तो गप्प असायचा आणि ती म्हणायची, दमला असेल. आता ऑफिस सुटलं, पण गप्प बसणं काही सुटलं नाही. मुलगा निहार व्हँकूवरला. बाहेर बर्फ, आत हीटरची घरघर आणि सोफ्यावर आयपॅडमध्ये डोकं घातलेला नवरा.

मग त्याला चर्चच्या किचनचं कळलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तिथे दुपारचं जेवण शिजायचं आणि व्हॉलंटियर ते गाडीतून घरोघर पोचवायचे. शैलेंद्रनं बुधवार घेतला.

"नुसतं जेवण देऊन निघायचं नाही म्हणे," पहिल्या दिवशी तो तिला म्हणाला. "थोडा वेळ बसायचं, गप्पा मारायच्या. काही जणांशी आठवडाभर दुसरं कुणी बोलतच नाही."

'गप्पा आणि हा!' सुरुचीला हसू आलं.

पण हिवाळा वाढत गेला तसा शैलेंद्र बुधवारी उशिरा यायला लागला. शेवटचं घर इव्हलिनचं असायचं. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, सीट्रेन या शहरातल्या लोकलच्या स्टेशनजवळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एकटी. नवरा गेलेला, मुलगा पार हॅलिफॅक्सला. इव्हलिनचं लहानपण सास्काचेवानच्या शेतावर गेलं. इव्हलिन पत्ते खेळताना चक्क लबाडी करते. इव्हलिनला संत्र्याची साल सोलता येत नाही, बोटं वळत नाहीत, मग शैलेंद्र सोलून देतो. जेवताना तो हे सांगायचा, आणि सांगताना स्वतःशीच हसायचा. सुरुचीनं तिच्या दिवसातलं काही सांगायला घेतलं, की हात आयपॅडकडे.

मला कधी संत्रं सोलून दिलंय यानं? तिला आठवेना. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईवर जळतेय आपण, याची तिला लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून जळणं थोडंच थांबतं!

एका बुधवारी सकाळी तो किचनमध्ये आला. "तू साबुदाण्याची खीर करतेस ना, तशी करशील आज? इव्हलिनची आई टॅपिओका पुडिंग करायची. ते आठवलं की तिचे डोळे भरून येतात. मी म्हटलं, माझी बायको याच्याहून छान करते."

एवढ्या संसारात त्यानं त्या खिरीला कधी छान म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, तेही दुसरीपाशी. तरी सुरुचीनं साबुदाणा भिजवला, दूध आटवलं, वेलची कुटली. शैलेंद्र बूट घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "जरा मऊच ठेव हं. तिला दातांचा त्रास आहे."

मागच्याच महिन्यात सुरुचीचं रूट कॅनाल झालं होतं. सुजलेला गाल घेऊन ती घरी आली, तेव्हा यानं विचारलं होतं, "जेवायला काय आहे?"

तिचा हात मिठाच्या बरणीत गेला. एक चमचा, मग आणखी एक. खीर ढवळून तिनं डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

गाडी कोपऱ्यावरून वळली. म्हातारीला ब्लड प्रेशर असेल तर? फोन करावा, सांगावं, खीर बिघडली म्हणून. फोन तिनं उचलला आणि परत ठेवला. कशी बिघडली म्हणून सांगायचं?

दुपारी तो रिकामा डबा घेऊन आला. "सगळी खाल्ली! मला चाखायलासुद्धा दिली नाही. म्हणाली, बायकोला सांग, फार सुंदर झाली होती."

सुरुची त्या डब्याकडे बघतच राहिली. तो खरवडून स्वच्छ केलेला होता. इतकी खारट खीर कुणी का खाईल? इतकी भूक असते का माणसाला? त्या आठवड्यात तिला जेवण गोड लागलं नाही. पुढच्या बुधवारी तिनं कोट चढवला आणि म्हणाली, "मी पण येते."

"तू? बाहेर थंडी बघ किती आहे."

"थंडी काय मला नवीन आहे का?"

इव्हलिननं दार उघडलं. पांढरे केस नीट विंचरलेले, ओठांवर फिकट लिपस्टिक. शैलेंद्रला बघून तिचा चेहरा उजळला आणि त्याच्या मागे उभ्या सुरुचीला बघून तितकाच पडला.

"अच्छा," ती म्हणाली. "आज बायकोला आणलंस."

हा सूर सुरुचीनं लगेच ओळखला. तो तिचाच होता.

टेबलावर पत्ते दोघांपुरते मांडलेले होते. इव्हलिननं ते गोळा करून बाजूला ठेवले. जेवण झाल्यावर शैलेंद्रला तिनं खाली लॉन्ड्री रूममधून धुतलेल्या चादरी आणायला पाठवलं. दार लागलं आणि दोघी समोरासमोर उरल्या.

"ती खीर," सुरुची इंग्रजीतून कशीबशी म्हणाली, "खारट होती."

"खारट? भयंकर होती! मी तीत जॅम घातला, तर आणखीच बिघडली."

"मग खाल्लीत का?"

"पहिले दोन घास त्याच्यासमोर खाल्ले. तो इतक्या कौतुकानं बघत होता! बाकीची तो बाथरूममधला बल्ब बदलत होता तेव्हा सिंकमध्ये ओतली." इव्हलिन जरा थांबली. "नावडली म्हटलं असतं तर त्यानं परत काही आणलं नसतं. आमच्यासारख्या एकट्यांचं असंच असतं. जे येईल ते आवडलंच पाहिजे. साखरेऐवजी मीठ पडलं का?"

सुरुचीला 'हो' म्हणता आलं असतं. पण त्या दोन घासांनी तिला खोटं बोलू दिलं नाही.

"मुद्दाम टाकलं. मला तुमचा हेवा वाटला."

इव्हलिननं कानातलं यंत्र नीट केलं. "परत सांग."

"तुमच्यावर जळत होते मी."

म्हातारी हसायला लागली. हसता हसता खोकला आला, तरी थांबेना. "सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईवर! देवा! माझी बहीण असायला हवी होती हे ऐकायला." मग डोळे पुसत ती हळूच म्हणाली, "तो बल्ब चांगला होता. मीच काठीनं ढोसून सैल करून ठेवते. कधी बल्ब, कधी घड्याळ. नाहीतर तो लवकर जाईल ना."

सुरुचीलाही हसू फुटलं. पण तेवढ्यात इव्हलिन सहज बोलून गेली, "त्याची नोकरी गेली होती, तेव्हाचं सांगतो मला कधीकधी. तू दिलेला डबा घेऊन दिवसभर ट्रेनमध्ये बसून राहायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुला फार काळजी वाटली असेल तेव्हा."

सुरुचीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, आतलं मात्र विझलं. काही वर्षांपूर्वीच्या मंदीच्या हिवाळ्यात ती रोज पोळीभाजी बांधून देत होती आणि तो ऑफिसला जातोय असं समजत होती. नव्या कंपनीत जास्त चांगलं काम मिळालं, एवढंच त्यानं नंतर सांगितलं होतं.

परत निघाल्यावर गाडीत तिनं विचारलं, "ट्रेनमध्ये बसून राहायचात?"

"इव्हलिननं सांगितलं?"

"तुम्ही सांगायला हवं होतं. मला. तिला नाही."

पुढच्या सिग्नलला त्यानं गाडी थांबवली. मग म्हणाला, "तू डब्यात रोज काहीतरी वेगळं द्यायचीस. ते बघून तोंडच उघडत नसे. तिला सांगताना काही वाटलं नाही. तिला मी कोण होतो हे माहीतच नव्हतं."

"आणि मी करून करून काय करणार होते, तुम्हाला घराबाहेर काढणार होते?" तिचा आवाज चिरकला. "मी पण त्या घरात दिवसभर एकटीच असायचे हो. आताही असते. तुम्ही समोर बसलेले असता तरी."

त्यानं गाडी एका ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये वळवली आणि इंजिन चालू ठेवून तो बोलायला लागला. अडखळत, तुटक तुटक. कुठल्या स्टेशनवर उतरून डबा खायचा, ओळखीचं कुणी दिसलं की उठून ट्रेनच्या दुसऱ्या डब्यात कसं जायचं. सगळं काही सांगितलं नाही त्यानं, तिला ते कळत होतं. काचेवर बर्फ साचत गेला.

एवढ्यानं सगळं बदललं असं नाही. आयपॅड सोफ्यावर आहेच. पण सुरुचीनं चर्चच्या किचनमध्ये जाऊन शुक्रवार मागून घेतला, आणि इव्हलिनचं घरही. शैलेंद्र म्हणाला, मीही येतो. ती म्हणाली, नको.

शुक्रवारी तिनं बेल वाजवली. दार उघडून इव्हलिननं आधी तिच्या खांद्यावरून मागे कॉरिडॉरमध्ये नजर टाकली.

"शैलेंद्र बरा आहे ना?"

"बरा आहे," सुरुची जरा तुटकपणे म्हणाली, आणि कोट काढून खुंटीला अडकवला. "पत्ते कुठे आहेत? आणि लबाडी केलेली मला चालणार नाही."