कारणाचं लाकूड

"आधी लाकूड टाक, मग बोल! नाहीतर धरलं जाणार नाही," पर्विस ओरडला आणि मर्लीनने हातातली ढलपी भट्टीच्या तोंडात भिरकावली.

"घे! टाकली. आता ऐका सगळे. काल रात्रभर माझा गुडघा दुखला नाही. एवढं आभाळ भरून आलंय, तरी नाही! मागे एकदा असं झालं होतं, त्या वर्षी आपण पार अजिंक्यपदाच्या मॅचपर्यंत गेलो होतो."

"गुडघ्याच्या जिवावर मॅच जिंकायला निघाली बाई!"

"तुझ्या डोक्यापेक्षा माझा गुडघा बरा चालतो, पर्विस. लग्न झाल्यापासून बघतेय."

सगळे हसले. हॉलिस ग्रिम्सलीही हसला, पण जरा उशिरा, आणि हसू आवरायलाही तो विसरला. हातातल्या चिमट्याकडे बघत तसाच दात दाखवत उभा राहिला.

ओकलूसा स्टेट कॉलेजच्या स्टेडियमबाहेर, पूर्वेच्या पार्किंगमध्ये, पेकानच्या झाडाखालची ही जागा हॉलिसची. कुणी लिहून दिलेली नव्हती, पण अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात, पहिल्या मॅचला तिथे दुसऱ्या कुणी गाडी लावावी, अशी त्या गावात कुणाची छाती नव्हती. जन्मभर तो पाणीपुरवठ्याच्या खात्यात पंप दुरुस्त करत आला. असाच एक पंप मोडीत निघाला, तेव्हा त्याची टाकी घरी आणून, कापून, जोडून त्याने ही भट्टी बनवली होती. पहाटेपासून तिच्यात डुकराचा खांदा धुरावर शिजत असे, आणि झाकण उघडायचं कधी? तर प्रत्येकाने हिकरीच्या लाकडाची एकेक ढलपी आत टाकून यंदा आपण का जिंकणार, त्याचं एकेक कारण सांगितल्यावर. हॉलिसचं कारण सगळ्यांत शेवटी. तोवर उपाशी राहा, नाहीतर उकडलेल्या शेंगा खा.

आणि दुसरा नियम याहून कडक. पहिली किक बसेपर्यंत अभद्र बोलायचं नाही. शुभ बोल नाऱ्या! पाऊस येईल, म्हणायचं नाही. समोरचे तगडे आहेत, म्हणायचं नाही. हॉलिसच्या मेहुण्याने, वार्डमनने, एकदा बोलता बोलता म्हटलं, "चेंडू ओला झाला तर निसटेल हं." झालं! पाऊस आला, शेवटच्या डावाला चेंडू निसटला, मॅच गेली. तेव्हापासून वार्डमन पश्चिमेच्या पार्किंगमध्ये एकटा खुर्ची टाकून बसतो. नाताळात भेटतात, मिठ्या मारतात, पण या झाडाखाली त्याला जागा नाही. हा नियम हॉलिसनेच केलेला, आणि हाकललंही त्यानेच.

आज मात्र धूर वर जात नव्हता. दक्षिणेकडे काळंनिळं आभाळ लोंबत होतं, वारा पडलेला होता, आणि धूर गाड्यांच्या चाकांमधून जमिनीलगत सरपटत होता. झाडावर एक पाखरू बोलत नव्हतं. हॉलिसला ते बिलकूल आवडलं नाही.

"माझं कारण नवा कोच," पर्विसने ढलपी टाकली. गावातला न्हावी तो, जीभ कात्रीपेक्षा जोरात चालायची. "माणूस हसत नाही. माझ्या दुकानात आला, दाढी केली, एकदा हसला नाही. आधीचा बघा, सारखा खिदळायचा. मॅच हरला तरी दात बाहेर!"

"तुझ्या दुकानात दाढी करून कोण हसेल?" मर्लीन म्हणाली.

मग विल्मर यान्सी उठला. हा शाळेतला निवृत्त मास्तर, त्यामुळे कारणसुद्धा घसा खाकरून. "त्यांचा तो चेंडू घेऊन पळणारा घोडा कॉलेज पास होऊन गेला. आणि आपली पुढची फळी बघितली का? उन्हाळाभर खाऊन खाऊन पाचही जण असे झालेत की वळू लाजेल. आपल्या रीसच्या अंगाला वारासुद्धा लागू देणार नाहीत."

"आणि रीस!" पर्विस म्हणाला. "अरे, कारणं कसली शोधताय? एकच कारण आहे, रीस!"

"हात काय, हात कुणाचेही असतात," विल्मर म्हणाला. "क्वार्टरबॅकला लागतं डोकं. चेंडू हातात आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं, कुणाकडे फेकू. ते डोकं आहे पोराकडे. मी शिकवलंय त्याला, मला विचारा."

"हॉलिस, डोकं तुझ्याकडून आलं नाही, एवढं नक्की!" पर्विसने त्याच्या पाठीत थाप मारली.

पुन्हा सगळे हसले. हॉलिसने मात्र चिमट्याने निखारे ढोसले. डोकं, डोकं, डोकं. सकाळपासून ज्याच्या त्याच्या तोंडी तेच.

रीस त्याचा नातू. आईने टेक्सासची वाट धरली, ती धरलीच. पोराला वाढवलं हॉलिसने आणि त्याच्या बायकोने, ओलेटाने. ओलेटाने खरं तर. दोन वर्षं रीस राखीव बाकावर बसून दुसऱ्याला पाणी देत होता. आज पहिल्यांदा टीम त्याच्या हातात येणार होती. हे बघायला ओलेटा नव्हती. गेल्याच्या गेल्या वसंतात ती गेली. तिची हिरवी घडीची खुर्ची मात्र हॉलिस अजूनही दर मॅचला आणायचा, भट्टीच्या उजव्या हाताला मांडायचा. तिच्यावर कुणी बसत नसे. हा नियम कुणी केला नव्हता, तरी पाळला जात होता.

आणि गुरुवारी रात्री जेवताना रीस ग्लासात थंड चहा ओतत होता. ग्लास भरला. हा ओततोय. चहा टेबलावर आला, टेबलावरून मांडीवर आला. हा ओततोच आहे.

"अरे, लक्ष कुठंय तुझं?"

रीसने मान वर केली. डोळे हॉलिसकडे होते, पण नजर त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. "आजोबा, आजी अजून चर्चमधून आली नाही?"

हॉलिसच्या हातातला घास हातातच राहिला. "येईल," तो म्हणाला.

आजी आता नाही, हे थोड्या वेळाने पोराला आपलं आपणच उमगलं. पांढराफटक पडला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सरावात डोकं जोरात आपटलं होतं, दोघांच्या मध्ये सापडून. त्याला आता दोन आठवडे होत आले. कुणाला सांगितलं नाही. उजेड डोळ्यांत खुपतो, सकाळी उलटी होते, वाचलेलं पुसून जातं.

"डॉक्टरला दाखवू या, चल."

"दाखवलं की बसवतील, आजोबा! दोन वर्षं बसलोय मी. फक्त शनिवार होऊ द्या. एक शनिवार. मग म्हणाल तिथे येतो. शब्द द्या मला."

आणि हॉलिसने शब्द दिला. का दिला? पोराच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून. आणि खोटं कशाला बोला, त्यालाही तो शनिवार हवा होता. गावभर लोक त्याला हाका मारून नातवाबद्दल विचारत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा पंप सोडून कशाबद्दल तरी त्याला कुणी विचारत होतं. त्यातून मोसमाच्या तोंडावर असलं अभद्र बोलायचं कसं? बोललं की खरं होतं, हे त्यानेच तर साऱ्यांना शिकवलं होतं.

"हॉलिस! ए, झोपलास का? तुझी पाळी!"

त्याच्या हातात ढलपी होती. सगळे त्याच्याकडे बघत होते, मर्लीनने तर ताटल्याही काढून ठेवल्या होत्या. त्याने तोंड उघडलं. यंदा आपण जिंकणार, कारण... कारण काय? ढलपी हातातल्या घामाने ओली झाली होती.

तेवढ्यात ढोल वाजले.

"आले! आले!" टीम मैदानात चालत जाते, ती याच वाटेने, दोरीच्या दोन्ही बाजूंना उभ्या लोकांमधून. ताटल्या, शेंगा, भट्टी तशीच टाकून सगळे दोरीकडे धावले. हॉलिसने ढलपी खिशात घातली.

"तुझं राहिलं!" पर्विस ओरडला. "कारण राहिलं तुझं!"

पोरं कोट घालून, कानाला गाणी लावून, गंभीर चेहऱ्याने येत होती. रीस मधोमध होता. लोक त्याच्या पाठीवर, खांद्यावर थापा मारत होते. एकाने कौतुकाने डोक्यावर टपली मारली, आणि रीसने डोळे गच्च मिटले, तेवढं फक्त हॉलिसला दिसलं. पेकानच्या झाडापाशी आल्यावर तो थांबला. त्याने आजोबाकडे पाहिलं, मग आजोबाच्या मागे, हिरव्या खुर्चीकडे.

"आजोबा," तो म्हणाला, "आजी कुठंय?"

मग मर्लीनने तोंडावर हात धरला आणि हुंदका दिला. "अगं बाई गं! आजच्या दिवशी पोराला आजीची आठवण आली! वरून बघतेय रे ती, बाळा. तुझ्याकडेच बघतेय!"

"झालं! हेच कारण!" पर्विसचा आवाज भरून आला होता. "ओलेटा आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर कोण हरवतंय? हॉलिस, टाक लाकूड!"

लोक टाळ्या वाजवायला लागले. मागचे पुढच्यांना विचारत होते, काय झालं, आणि पुढचे डोळे पुसत सांगत होते. 'आजीसाठी खेळतोय' हे वाक्य दोरीवरून वणव्यासारखं पुढे गेलं. रीस गोंधळून सगळ्यांकडे बघत होता. त्याला उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

पंप एकदम कधी बंद पडत नाही, आधी आवाज बदलतो. तो ऐकूनही चालू ठेवलास तर दोष पंपाचा नाही, असं हॉलिसने हाताखालच्या कितीजणांना सुनावलं असेल. तो दोरीखालून वाकून पलीकडे गेला. रांगेच्या शेवटी टीमची डॉक्टर बॅग घेऊन चालत होती, तरुण बाई.

"त्याला खेळवू नका," हॉलिस म्हणाला.

"काय?"

"माझ्या नातवाला खेळवू नका!" आता तो ओरडलाच. "त्याच्या डोक्याला लागलंय. सरावात. त्याने लपवलं आणि मीही लपवलं. आज त्याला पुन्हा लागलं तर मरेल माझं पोर!"

पहिली किक बसायला अजून अवकाश होता. मरण! झाडाखाली, पहिल्या मॅचला, हॉलिस ग्रिम्सलीच्या तोंडून. टाळ्या थांबल्या.

रीस वळला. "काय बोलताय, आजोबा? तुम्ही शब्द दिला होता मला!"

"दिला होता. मोडला."

डॉक्टरने रीसचा हात धरला, त्याला बाजूला घेतलं. आज वार कोणता? शनिवार. मॅच कुणाशी? त्याने सांगितलं. कोचचं नाव? तेही सांगितलं.

"बघा! ठणठणीत आहे पोरगं!" पर्विस ओरडला. "म्हाताऱ्याला सकाळीच चढलीय!"

"मघाशी आजीबद्दल विचारलंस," डॉक्टर हळूच म्हणाली. "कुठे असते आजी?"

रीसने ओठ हलवले. हिरव्या खुर्चीकडे पाहिलं. भट्टीकडे पाहिलं. उत्तर तिथेच कुठेतरी ठेवलंय आणि हाताला लागत नाहीये, असा शोधत राहिला. डॉक्टरने फोन काढून ॲम्ब्युलन्स बोलावली.

किकच्या वेळेला पार्किंग ओस पडलं. जाताना मर्लीनने हॉलिसच्या दंडाला हात लावला. विल्मर मान खाली घालून गेला. पर्विस मात्र थांबला.

"लाकूड टाकलं नाहीस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली," तो म्हणाला. "आत जाऊन सांगता आलं असतं ना रे गुपचूप? इथेच, सगळ्यांसमोर? वार्डमनला तू एका शब्दासाठी हाकललंस, हॉलिस."

"हो," हॉलिस म्हणाला. "पुढच्या वर्षी भट्टी तू घे."

पर्विसला बहुतेक भांडण हवं होतं. तो टोपी घालून निघून गेला.

ॲम्ब्युलन्सला गर्दीतून वाट मिळत नव्हती. ती आणायला डॉक्टर रस्त्याच्या तोंडापर्यंत गेली, तोवर पोराला झाडाखाली बसवा म्हणाली. रीस कोट काढून आला. तोंडावर राग होता, मग तो कशाचा होता तेच त्याला आठवेना, असा चेहरा झाला. हॉलिसने खिशातली ढलपी काढली आणि आगीत टाकली. कारण सांगितलं नाही. झाकण अजून बंदच होतं.

आत स्टेडियममध्ये एकदम प्रचंड ओरडा उठला. कुणी गुण मिळवले, ते दोघांनीही विचारलं नाही.

रीस हिरव्या खुर्चीत टेकला आणि लगेच अवघडून अर्धा उठला.

"ही आजीची खुर्ची ना? ती आली की देईन मी उठून."

"बस रे, राजा," हॉलिस म्हणाला. "ती काही म्हणायची नाही."