सर, रेझिस्टर आणि बदकाची अंडी

टेक्निकल शाळेत उभी हयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले सर घरात बल्ब बदलायचा असला तरी आधी प्रस्तावना करत. त्यामुळे बायकोचं अंडी उबवायचं यंत्र भर दुपारी बंद पडलं, तेव्हा खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला.

यंत्रात बदकाची अंडी होती. तिची पहिलीच खेप, आणि पिल्लं आज-उद्यात बाहेर पडायची. महिनाभर बिचारी स्वतःच्याच घरात दबक्या पावलांनी वावरत होती.

"अहो, मेकॅनिकला फोन करते. गार पडली तर संपलं सगळं."

"घरात मी असताना मेकॅनिक?" सरांनी बनियनला नसलेली कॉलर ताठ केली.

दोष त्यांनी लगेच शोधला, एवढं श्रेय द्यायलाच हवं. व्होल्टेज कायम राखणारा छोटासा भाग, झेनर डायोड, गेला होता. जुन्या डब्यात दुसरा निघाला, पण त्यावरचे आकडे पुसलेले. तो किती व्होल्टचा आहे ते कळायला सरांनी तो उलटा जोडला आणि व्होल्टेज हळूहळू वाढवायला घेतलं. इथवर ठीक होतं. पण श्रोता मिळाला ना!

"हे बघ, उलट्या दिशेनं हा करंट जाऊच देत नाही. ढिम्म! दाब वाढव, आणखी वाढव, गडी हलायचा नाही. पण त्याची एक हद्द असते. ती आली की एकदम सोडतो. याला म्हणायचं ब्रेकडाउन. आणि गंमत म्हणजे त्यात तो मरत नाही बरं का! हद्दीवर ठाम उभा राहतो, म्हणून तर त्याला वापरतात. फक्त करंट आवरायला वाटेत एक रेझिस्टर..."

टप्प! करपट वास सुटला, हाही डायोड गेला. रेझिस्टर तोंडात होता, तारेत नव्हता.

याच चुकीसाठी सरांनी कित्येक पोरांना वर्गाबाहेर काढलं होतं. आता त्यांना बाहेर काढायला फक्त बायको होती. तिनं मेकॅनिकला फोन लावला.

"संध्याकाळी येतो म्हणाला. मघाशी सांगितलं असतं तर लगेच आला असता, आता दुसरीकडे निघालाय."

सरांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी टेबललॅम्पचा बल्ब यंत्राच्या खोक्यात सोडला, थर्मामीटरसमोर बैठक मारली आणि दिव्याचं बटण हातात घेतलं. पारा खाली आला की चालू, वर गेला की बंद. एवढ्या पदव्या घेऊन माणूस शेवटी कशाच्या कामाला आला, तर बटणाच्या!

बराच वेळ शेजारी बसून राहिलेली बायको अचानक म्हणाली, "मिक्सर, इस्त्री, पंखा. दर वेळी आधी भाषण, मग धूर. मी कधी बोलले नाही. पण ही अंडी माझी होती हो. एवढी एकच गोष्ट माझी होती." आणि ती ढसाढसा रडायला लागली.

सरांच्या जिभेवर खुलासा तयार होता. तो त्यांनी गिळला. "चुकलं माझं. मला अक्कल नाही."

"अक्कल आहे. तिला बोलायला फार आवडतं."

सर त्यावर काही बोलले नाहीत. बोलले नाहीत! पारा चढला, त्यांनी बटण बंद केलं. पारा उतरला, चालू केलं. पाठ अवघडली, पाय बधिर झाले, तहान लागली. पण ते हलले नाहीत.

उन्हं कलायला लागली तेव्हा खोक्यातून बारीक टकटक ऐकू आली. दोघंही वाकली. एका अंड्याला तडा गेला होता आणि त्यातून चोचीचं टोक आत-बाहेर करत होतं. बायकोनं सरांचा दंड गच्च धरला.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. बायको उठली, दार किलकिलं केलं आणि मेकॅनिकला हळू आवाजात म्हणाली, "जरा थांबता का बाहेर? आमचे हे कामात आहेत."

सरांचे डोळे भरून आले. पण पुसायची सोय नव्हती, पारा वर चढत होता.