डाव्या हाताचं पिस्तूल

हार्लन स्टेन्सरूडच्या ऐंशीव्या वाढदिवसाला जावयाने त्याच्यापुढे एक लाकडी पेटी ठेवली, तेव्हा आत व्हिस्की असेल असं म्हाताऱ्याला वाटलं. टेबलाभोवती शेजारचे गुरंवाले बसले होते, एल्क हरणाच्या मांसाची ताटं अजून उचलायची होती. झाकण उघडलं तर आत पिस्तूल. ते आपलंच आहे हे कळायला त्याला त्यावरचा नंबर वाचावा लागला.

मोंटानाच्या त्या मुलखात हार्लनने उभी हयात गुरांच्या डागांचा निरीक्षक म्हणून काढली होती. कुणाच्या गाईवर कुणाचा डाग आहे ते तपासायचं, चोरीची गुरं हुडकून मालकाला परत करायची. पिस्तूल कायम त्याच्या उजव्या कमरेला. चामड्याच्या खोळीत घासून घासून त्याची निळी-काळी झिलई कडांवरून उडाली होती आणि अक्रोडाच्या मुठीला घोड्याच्या लाथेने टवका गेला होता. बायको आयरिस म्हणायची, तुझ्या तोंडापेक्षा हे जास्त झिजलंय. ती जाऊन चार हिवाळे झाले होते.

आता ते वाळूच्या रंगाचं झालं होतं. जावई डेनी उभा राहून सगळ्यांना समजावून सांगत होता: जुनी झिलई वाळूच्या माऱ्याने उडवली, नवा लेप भट्टीत भाजून बसवला, नळी नवी, चाप हलका, नेम धरायची माशी अंधारात चमकणारी, मूठ काळी आणि खरबरीत. मंडळींनी वाहवा केली. हार्लनने आत गोळी नाही याची खात्री केली, पिस्तूल उजव्या हातात धरलं, आणि सवयीने अंगठा सेफ्टीच्या खटक्यावर नेला.

खटका नव्हता. डावीकडचा खटका घासून सपाट केला होता. त्याने पिस्तूल फिरवून पाहिलं. नवा, लांब खटका पलीकडच्या बाजूला होता, आणि मॅगझिन सोडायचं बटणही तिकडेच. मूठ एवढी जाड की त्याची बोटं पुरी वळत नव्हती. त्या टेबलाशी डावखुरा माणूस एकच होता, आणि त्याचे पंजे फावड्यासारखे होते.

 हार्लनने पिस्तूल टेबलावरून डेनीकडे सरकवलं.

"धर बघू. तुझ्या हाताला कसं बसतंय?"

डेनी हसला. बाकी कुणी हसलं नाही तसा थांबला.

"हे बघा हार्लन, तुमचा हात कापतो. मागच्या शरदात तुम्हाला नेमाला ठेवलेला डबासुद्धा धड पाडता आला नाही. आज ना उद्या ते माझ्याकडेच यायचं होतं ना? मग नीट करून ठेवलं तर बिघडलं काय?"

"मी अजून जेवतोय," हार्लन म्हणाला. "माझं ताटसुद्धा उचललेलं नाही. आणि दुसऱ्याच्या जनावरावर आपला डाग देणाऱ्याला आमच्यात काय म्हणतात, ते या सगळ्यांना माहीत आहे. जन्मभर मी तसलेच पकडत आलो. घरात तसल्यालाच जेवू घालतोय हे कळलं नाही."

मंडळी उठून टोप्या शोधायला लागली. डेनी गाडीची किल्ली उचलून बाहेर गेला. जोआन, हार्लनची मुलगी, हातात हकलबेरीची, रानफळांचं गोड सारण भरलेली पाई घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डॅड, तो वाईट नाही, त्याला तुम्हाला खूश करायचं होतं, असं ती म्हणत राहिली. हार्लनच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. पिस्तूल लोखंडी कपाटात असायचं, आणि कपाटाच्या कुलपाचा नंबर त्याच्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होता.

"खटक्याचं तुला माहीत होतं?"

तिने पाई टेबलावर ठेवली.  "हो," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही आता ते हातात घेणारच नाही."

जावयावरचा राग त्याला पेलला असता. मुलीवरचा पेलवेना. त्याने तिला घरी जा म्हणून सांगितलं, आणि ती गेल्यावर अख्खी पाई जशीच्या तशी कुत्र्याला घातली.

दुसऱ्या दिवशी तो गावात बंदुका दुरुस्त करणाऱ्या मर्ल किटलच्या दुकानात गेला. काम मर्लनेच केलं होतं. म्हाताऱ्याने पिस्तूल मला देऊन टाकलंय, असं डेनीने त्याला सांगितलं होतं. हार्लनने त्यालाही सोडलं नाही. वीस वर्षं ओळखतोस, एक फोन करायला तुझी बोटं झडली होती का, असं गिऱ्हाइकांदेखत विचारलं. मर्ल लाल झाला. जुने भाग डेनीने कधीच विकून टाकले होते, आणि उडालेली झिलई कुणाच्या बापाला परत आणता येणार नव्हती. हात वर करून मर्ल म्हणाला, खटका आणि बटण मी पुन्हा उजव्या हाताचं करतो, चाप जड करतो, साधी लाकडी मूठ बसवतो, आणि तुझ्याकडून काही घेणार नाही.

"घेऊ नकोसच," हार्लन म्हणाला.

पिस्तूल परत आलं त्याच दिवशी त्याने कपाटाचा नंबर बदलला. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जोआन एकटीच आली. दोघं टर्की जेवले, बर्फाबद्दल आणि डिझेलबद्दल बोलले. जाताना तिने त्याच्या गालाला गाल लावला. त्याने लावू दिला, एवढंच.

ती गेल्यावर तो ओढ्याकाठी गेला, ओंडक्यावर डबे मांडले आणि ते वाळूच्या घाणेरड्या रंगाचं पिस्तूल हातात धरलं. हात कापत होता. पहिल्या सातही गोळ्या चिखलात गेल्या. त्याने आईबहिणीवरून एक सणसणीत शिवी घातली, मॅगझिन पुन्हा भरलं आणि पाय रोवून उभा राहिला.