आवाज कुठवर आला

पद्मावतीनं ट्रान्झिस्टर कानाला लावला आणि बांध ओलांडला. मागं तिच्या नवऱ्यानं, धनपालनं, घरीच जुळवलेल्या रेडिओवर बोलायच्या यंत्राची तार द्राक्षमांडवाच्या तारांना जोडली होती. सगळी बागच आता एरियल झाली होती.

"ह्या लांब लहरी हायत, डोंगराला वळसा घालत्यात," निघताना तो म्हणाला होता. "तार तेवढी लांब पायजे. खिंडीपर्यंत आवाज न्हेल्याबिगर मी गप बसत न्हाई. तू चालत ऱ्हा, कुठं तुटतोय बघ."

गेल्या खेपेला आवाज विहिरीपाशीच विरला होता. पुढं मोबाईललाही रेंज नाही, म्हणून परत येऊनच सांगायचं. खिंडीत आवाज नेऊन त्याला कुणाला काय ऐकवायचं होतं, देव जाणे. यंत्राशी हा गडी दिवसभर पुटपुटेल, बायकोशी मात्र मोजून चार शब्द: चहा, जेवण, मोटर, लाईट. दीपाली लग्न होऊन तासगावला गेल्यापासून तर घरात भांडायलाही कोणी उरलं नव्हतं. ह्या मुक्या संसाराचा पद्मावतीला वीट आला होता. त्यानं तिच्याशी चार गोष्टी बोलाव्यात, एवढंच तिला हवं होतं.

विहीर मागं पडली तरी धनपाल मोजत असलेले आकडे ऐकू येत होते. शंभरापर्यंत गेले, उलटे फिरले. मग औषधाच्या डब्यावरची माहिती वाचून झाली. मग नुसती खरखर.

"अगं..." आवाज अडखळला. रेडिओवर 'अगं' म्हटलं तर कुणीही ओ देईल, हे ध्यानात आलं असावं. "पद्मावती."

ती जागीच थांबली. लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव त्याच्या तोंडून तिनं ऐकलं नव्हतं.

"पद्मावती, पोरगी गेल्यापासनं घर खायला उठतंय बघ. तुज्यासंगं बोलावं म्हणतो, पर समोर आलीस की सुचतच न्हाई. हितं जरा बरं वाटतंय."

ऐकत ऐकत ती खिंडीत पोचली, तरी आवाज स्वच्छ होता, चुलीपाशी शेजारी बसून बोलावं तसा. तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्याचं संपेपर्यंत दगडावर बसून राहिली.

ती परतली तेव्हा धनपाल बांधावरच उभा होता.

"कुठवर आला आवाज?"

पद्मावतीनं ट्रान्झिस्टर बंद केला.

"विहिरीपर्यंत. फुडं नुसती खरखर."

"म्हंजे मी बोललेलं..."

"काय बोललासा?"

"काय न्हाई. आकडं." त्यानं पक्कड उचलली. "आनखी तार लावतो. उद्या परत बोलतो. जातीस न्हवं?"

"जाती की," ती म्हणाली. "खिंडीपर्यंत पोचंस्तवर बोलत ऱ्हावा."